दोन दातांची चावी

घरात ग्राइंडर आणायचा म्हटल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला, "आहे त्याला काय झालं?"

चूक तिची नव्हती. मराठी घरात ग्राइंडर म्हणजे ओल्या खोबऱ्याची चटणी. मला हवा होता तो दुसरा. हातात धरायचा, मान काटकोनात मुरडलेला, पुढं गरगरणारी चकती असलेला; वेल्डिंगच्या दुकानावरून जाताना ज्याच्यातून भर दुपारी भुईनळे उडताना दिसतात, तो. हे सगळं मी हातवाऱ्यांसकट समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यालाही निरनिराळी भांडी असणार."

आमच्या लग्नात आलेल्या मिक्सरबरोबर ज्यूसरचं भांडं होतं. ते आम्ही एकदाच वापरलं. डझनभर संत्री, दीड पेला रस आणि धुवायला सात सुटे भाग. तेव्हापासून ते माळ्यावर आहे. तो मिक्सर गेला, दुसरा आला, दुसरा जाऊन तिसरा आला. भांडं तेच आहे आणि ते आता कशालाच बसत नाही. तिच्या त्या एका वाक्यात हा सगळा इतिहास होता. मला तो वेळीच ऐकू यायला हवा होता.

प्रकरण फाटकाचं होतं. १९७८ साली वडिलांनी बसवलेलं लोखंडी फाटक, त्यावर दर चार-पाच वर्षांनी चढलेले रंगाचे थर, आणि थरांखालून गंज असा फुगून आलेला की फाटकाला गोवर झालाय असं वाटावं. रंगाऱ्यानं फाटकाला एक प्रदक्षिणा घातली, नखानं एक पोपडा काढला, तो उगाचच हुंगला आणि घासण्याची वेगळी, रंगाची वेगळी अशी मजुरी सांगितली. घासण्याचा आकडा ऐकून माझ्या मनात ते वाक्य आलं, ज्या वाक्यावर हार्डवेअरच्या दुकानांचे मजल्यावर मजले चढतात : एवढ्या पैशांत तर मशीनच येईल!

आलं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आलं. या गल्लीत मी तोवर खिळे आणि कडी-कोयंड्यापलीकडच्या कामाला कधी गेलो नव्हतो. दुकानाचं तोंड पाच फुटांचं, पण आत पोरगा माल आणायला गेला की परत येईपर्यंत आपला दुसरा चहा होतो. वरून माळा सोडलेल्या. फुलांच्या दुकानात झेंडू-शेवंतीच्या असतात तशा इथं चकत्यांच्या. काळ्या, तपकिरी, निळ्या, पाकळ्यांच्या, तारांच्या, फडक्याच्या.

"चार इंची की पाच?" पोरानं विचारलं.

"फरक काय?"

"एक इंचाचा."

गल्ल्यावरच्या भाईंना माझी दया आली असावी. सोनेरी काठाची पांढरी टोपी सारखी करत ते म्हणाले, "चारच घ्या काका. चारचा माल कुठंही मिळतो." यातला 'माल' हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही. मी मशीनची किंमत बघत होतो आणि ती रंगाऱ्याच्या आकड्यापेक्षा चक्क दोनशे रुपयांनी कमी होती. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला याहून मोठा आनंद नाही.

खोक्यात मशीन, बाजूला लावायची मूठ, चकतीवरचा गार्ड, एक जाड चकती आणि एक चपटी, दोन दात पुढं आलेली लोखंडी चावी होती. भाईंनी ती चावी वेगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली, तीर्थ द्यावं तशी. "काका, बाकी सगळं हरवलं तरी मिळंल. ही सांभाळा."

त्याचं असं आहे. चकती मशीनच्या दांडीवर बसते आणि वरून एक गोल नट लागतो. त्या नटाला षट्कोनी कडा नसतात, नुसती दोन भोकं असतात. मशीनच्या डोक्यावरचं बटण दाबून दांडी अडवायची, त्या भोकांत चावीचे दोन दात घालायचे आणि फिरवायचं. गंमत अशी की काम करावं तसा हा नट आपोआप आवळत जातो. फिरण्याची दिशाच तशी ठेवलेली असते, म्हणजे चकती मध्येच सुटून अंगावर येऊ नये. सोय उत्तम आहे. मात्र अर्ध्या तासाच्या कामानंतर तो नट काढायला हात पुरत नाही, पक्कड पुरत नाही, शिव्या पुरत नाहीत. ती चावीच लागते. आणि ती चावी जगातल्या कुठल्याही कारागिराकडं नसते. हे मला पुढं कळलं.

हे यंत्र मूळचं जर्मन. स्टुटगार्टकडच्या आकरमान आणि श्मिट या दोघांनी १९२२ साली कंपनी काढली आणि १९५४ साली तिनं वेगवान अँगल ग्राइंडर आणला. त्यांचं 'फ्लेक्स' हे नाव तिकडं इतकं रुळलं, की जर्मनीत कुठल्याही कंपनीचा ग्राइंडर फ्लेक्सच, आणि त्यानं कापणं याला क्रियापदही त्यावरूनच झालं. आपल्याकडं वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं. फक्त आपण 'डालडणे' असं क्रियापद केलं नाही, एवढा संयम राखला.

घरी येऊन मी जाड चकती लावली, फाटकापुढं बैठक मारली आणि बटण दाबलं. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही, शेजारच्या काकू ते आजही करतात. गंज गेला. गंजाखालचं लोखंडही थोडं गेलं. फाटकाच्या उभ्या पट्टीवर बोटभर लांबीची एक सुरेख खाच पडली. संध्याकाळी मेहुणा आला होता. तो भोसरीला टूलरूममध्ये आहे, म्हणजे आमच्या घरात या विषयावरचं सर्वोच्च न्यायालय. त्यानं खाचेवरून बोट फिरवलं.

"भाऊजी, ही ग्राइंडिंगची चकती. ही लोखंड खाते. गंजाला तारेचा कप ब्रश लागतो."

म्हणजे वाटीच्या कडेला तारा लावाव्यात तसा ब्रश. किंमत थोडी. दुसऱ्या दिवशी मी तो आणायला परत बोहरी आळीत गेलो आणि येताना पाच वस्तू घेऊन आलो. त्यांतली एक कप ब्रश होती, हे मी न्यायानं सांगितलं पाहिजे. त्याचा आटा मात्र आमच्या मशीनला बसला नाही. चार इंची मशीनची दांडी १० मिलिमीटर आट्याची असते, त्यापुढच्या मोठ्या मशीनची १४ ची. मी मोठ्या मशीनचा ब्रश आणला होता. का, तर तो दिसायला भरदार होता.

उरलेल्या चार वस्तू बसल्या. गोची तिथंच झाली. फाटकाची वस्तू बसत नव्हती आणि बाकीच्या बसत होत्या, त्यामुळं फाटक सोडून बाकीचं घर घासायला निघालं.

पहिला बळी आजीचा पाट. सागवानी, दोन पिढ्यांचा, त्यावर हळदीचे, तेलाचे, श्रीखंडाचे डाग. माझ्याजवळ फ्लॅप डिस्क होती. ही वस्तू मला आजही देखणी वाटते. काचकागदाच्या छोट्या छोट्या पट्ट्या, एकीवर एक अशा गोलाकार रचलेल्या, शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या. वरची पाकळी झिजते, तशी तिच्याखालून ताज्या पाकळीची कड वर येते. झिजत झिजत नवी होत जाणारी अशी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. वेल्डिंगची गाठ बसवायला ती उत्तम. पाटासाठी नाही, पण ते मला पाटानं सांगितलं. मशीन टेकवलं आणि 'वा' म्हणेपर्यंत मध्यभागी बशीएवढा खळगा पडला. तो खळगा जाईना म्हणून भोवतालचं घासलं, मग भोवतालच्याही भोवतालचं. आता त्या पाटावर कुठंही बसलं तरी माणूस हळूहळू घसरत मध्यावर येतो. गेल्या वर्षी भाऊबीजेला मेहुण्याला त्यावर बसवला होता. ओवाळून होईपर्यंत तो दोनदा सरळ झाला.

मी वापरली होती ४० नंबरची. मला वाटलं होतं ४० म्हणजे सौम्य, ४०० म्हणजे जहाल. माणसानं कुठलंही खातं उघडून पाहावं, मोठा आकडा म्हणजे मोठं प्रकरण. इथं उलटं. आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. मी या उलट्या व्यवहाराबद्दल जेवताना तक्रार करत होतो तर ही पोळी लाटता लाटता म्हणाली, "चाळणीचा नंबर असेल. बारीक चाळणीला भोकं जास्त." हे नंबर मुळात चाळणीवरूनच आले, एका इंचात किती भोकं यावरून. मी हे पुस्तकात शोधायला गेलो होतो. तिला रवा-मैद्याच्या डब्यांवरून कळलं. पुढचं तत्त्वही तिनंच सांगितलं : जाड चाळणीतून एकदम वस्त्रगाळ होत नाही, मधल्या चाळण्या घ्याव्या लागतात. म्हणजे ८० झालं की १२०, मग १८०, मग २४०. प्रत्येक पायरीनं आधीच्या पायरीचे ओरखडे पुसायचे. मी ४० वरून थेट ४०० वर उडी मारली होती आणि वर वॉर्निश फासलं होतं. वॉर्निश फासल्यावर एकेक ओरखडा असा उठून दिसायला लागला, जसा एखाद्याचा अपमान सगळ्यांसमक्ष माफी मागितल्यावर दिसतो.

हे कण असतात कशाचे, याची एक हकीकत आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एडवर्ड अ‍ॅचेसन नावाच्या गृहस्थांना कृत्रिम हिरा करायचा होता. १८९१ साली त्यांनी माती आणि कोळशाची पूड एकत्र करून त्यातून विजेचा जबर प्रवाह सोडला. हिरा काही निघाला नाही. काळे, चमकदार, भयंकर कठीण खडे निघाले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, पण मारुती असा जबरदस्त की सगळ्या जगानं त्याला शेंदूर फासला. त्याचं नाव त्यांनी कार्बोरंडम ठेवलं. आमच्या लहानपणी मोझॅकच्या फरशीला पॉलिश करायला माणसं यायची, त्यांच्या मशीनखालचे दगड याच मालाचे. राखाडी चिखल घरभर, आई चार दिवस चुलत्यांकडं आणि वडील दारात उभे राहून 'अजून एक हात मारा' म्हणतायत, हे सगळं त्या फसलेल्या हिऱ्यापायी. आपल्याकडं या धंद्याची सुरुवात झाली तीही लांब कुठं नाही. भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते त्या उरणच्या मोऱ्याला १९४१ साली ग्राइंडव्हेलचा कारखाना निघाला, घासायच्या चाकांचा, देशातला अगदी पहिल्या फळीतला. मी मोऱ्याला दोनदा उतरलोय. दोन्ही वेळा मी फक्त बोंबील पाहिले.

असो. पाटानंतर समई.

पितळेच्या समईला चिंच लावून हात दुखवून घ्यायचे आणि दिवाळी संपेपर्यंत ती पुन्हा काळी पाहायची, हा प्रकार मला कायमचा बंद करायचा होता. मी ड्रिल मशीनला लावायचा बफ आणला. कापडाचे गोल तुकडे एकावर एक शिवलेले, जाड गोधडीच्या चकतीसारखा. त्याला लावायची एक वडी येते. दुकानात तिला साबणच म्हणतात, दिसतेही धुण्याच्या वडीसारखी. फिरत्या बफावर वडी टेकवायची, मेण आणि बारीक पूड फडक्यात मुरते आणि मग भांडं धरायचं. पहिली पाच मिनिटं मी स्वर्गात होतो. समईचा बुंधा असा लखलखला की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर काळे ठिपके दिसले, कारण बफ जी काळी राळ उडवतो ती आपल्याच दिशेनं. ठिपके सदऱ्यावर होते, भिंतीवर होते, वाळत घातलेल्या साडीवर होते. साडीबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. ते प्रकरण मिटलेलं आहे.

मग मी शेंड्यावरचा हंस घेतला. मेहुण्यानं नंतर सांगितलं की फिरत्या बफाला कधीही वरची कड अशी सामोरी द्यायची नाही. जी कड बफापासून दूर पळते ती आधी घासायची, आणि तीही बफाच्या मध्याच्या खाली धरून. नाहीतर तो वस्तू हिसकावून घेतो. मला हे हंसानं सांगितलं. क्षणात समईचा शेंडा माझ्या हातातून गेला, धुण्याच्या दगडावर आपटला आणि तिथून उडून कुंडीत पडला. हंस शाबूत आहे. फक्त त्याची मान वळली. पूर्वी तो समोर बघायचा, आता मागं वळून बघतो. आरती चालू असताना त्याची नजर नेमकी माझ्यावर येते.

लोकरी टोपीचा किस्सा त्यामानानं लहान आहे. गाडीला चकाकी आणायला मेंढीच्या लोकरीची गोल टोपी मिळते, कडेला नाडी असते, ती पॅडवर ओढून बसवायची. टोपीच्या वेष्टनावर वेगाची मर्यादा छापलेली होती, चार हजार फेऱ्यांच्या आतली. माझं मशीन मिनिटाला ११,००० फेऱ्या घेतं. मला वाटलं, लवकर होईल. बटण दाबल्यावर टोपी पॅडवर किती वेळ होती ते मला माहीत नाही, कारण मी डोळे मिचकावले. ती भिंतीपलीकडं काकूंच्या तुळशी वृंदावनावर जाऊन बसली, अगदी सरळ. थंडीचे दिवस होते. काकूंना वाटलं, कुणीतरी तुळशीला माकडटोपी घातली.

एवढं झाल्यावर कुणी शहाणा थांबला असता. पण माझ्या हातात फोन होता. फोनवर दहा चकत्या एकीच्या भावात मिळत होत्या. आल्या. पाच इंची, आणि मधलं भोक २२ मिलिमीटरचं. आमच्या मशीनला १६ चं भोक लागतं. चकती दांडीवर घातली तर ती सैल कड्यासारखी गोल गोल लोंबू लागली. आजी सैल अंगठीला दोरा गुंडाळायची हे मला आठवलं. मी दांडीला इन्शुलेशन टेप गुंडाळली. पुष्कळ वेढे दिल्यावर चकती घट्ट बसली. गार्ड आडवा येत होता, म्हणून गार्ड काढून ठेवला.

त्या रविवारी मेहुणा जेवायला आला नसता तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, आणि तो विनोदी नसता. त्यानं ते मशीन पाहिलं, काही बोलला नाही, आधी प्लग काढला, मग मशीन माझ्या हातातून काढून घेतलं, आणि मग बोलला. घरात लहान मुलं असल्यामुळं त्यातलं निम्मं त्यानं गिळलं.

"यावर काय लिहिलंय, वाचा."

"८० एमएस."

"म्हणजे?"

"माइल्ड स्टील."

त्यानं कपाळावर हात मारला. ते ८० मीटर दर सेकंदाला असं होतं. चकतीच्या कडेनं जास्तीत जास्त इतकंच पळायचं, त्याच्यावर गेली तर ती फुटू शकते. त्यानं पेन्सिल मागितली आणि आमच्या चार इंची चकतीचा हिशोब वर्तमानपत्राच्या कडेला मांडला. ११,००० फेऱ्यांना कड पळते तासाला दोनशे सात किलोमीटरनं. म्हणजे डेक्कनवरून निघाली तर पाऊण तासाच्या आत मुंबई. घाटात कोंडी नसली तर. "आणि ही पाच इंची, त्याहून जास्त पळणार," तो म्हणाला, "ती तुम्ही टेपवर बसवलीय, भाऊजी. टेपवर. वर गार्ड नाही. फुटली तर तुकडे कुठं जाणार? ती काय आधी विचारून फुटणार आहे?"

मग त्यानं माझा सगळा साठा मागवला. मी लाजत लाजत डबा आणला. तो पापडाचा होता, कारण मी कुठंतरी वाचलं होतं की चकत्या दमट जागी ठेवू नयेत. त्यातली राळ ओल धरते आणि कमजोर होते. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि साल ठोकलेलं असतं, बहुतेक तीन वर्षांनंतरचं. मी बिस्किटांची तारीख पाहतो, औषधांची पाहतो, पण लोखंड कापायच्या चकतीलाही एक्सपायरी असते हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. मेहुणा एकेक चकती उजेडाकडं धरून बघत होता, ही ठेवा, ही टाका, ही कुणाची अवलाद? मध्येच त्यानं एकीला टिचकी मारली. त्यांच्या कारखान्यात बेंचवरच्या दगडी चाकाला टिचकी मारतात म्हणे. माठ घेताना मारतो तशी. खणखणीत आवाज आला तर चाक सलग, बद्द आला तर कुठंतरी तडा. ही युक्ती मला इतकी आवडली की तो गेल्यावर मी उरलेल्या सगळ्या चकत्यांना टिचक्या मारल्या. सगळ्या पापडासारख्या वाजल्या. फोन केला तर म्हणाला, "ती टिचकी त्या दगडासाठी असते भाऊजी, या राळेच्या चकत्या अशाच वाजतात. तुम्ही आता झोपा."

दुसऱ्या दिवशी डब्यातल्या वस्तू मोजल्या. तेवीस भरल्या. मशीन एक, चकत्या-ब्रश-बफ तेवीस, आणि फाटक जसंच्या तसं. रंगाऱ्यानं सांगितलेली मजुरी मी साधारण तीनदा खर्च केली होती. हा हिशोब मी एका कागदावर केला आणि तो कागद फाडला. बँकेत हे कधी केलं नव्हतं.

एवढ्या काळात चावी मात्र मी हरवू दिली नाही, हे अभिमानानं सांगतो. एकदा ती चमच्यांच्या स्टँडमध्ये सापडली. एकदा मुलानं तिनं सोड्याची बाटली उघडली. मग मी तिला लाल दोरा बांधून देवघराबाहेरच्या खिळ्याला टांगली. पाहुणे विचारायचे, हे कुठलं यंत्र? कुणाला वाटायचं शनीचं आहे.

शेवटी योग्य आट्याचा कप ब्रश मिळाला, १० चा. चौदा महिन्यांनंतर मी पुन्हा फाटकापुढं बसलो. या वेळी गॉगल, पूर्ण बाह्यांचा सदरा, गार्ड जागेवर, कारण कप ब्रशच्या तारा सुटून उडतात आणि कपड्यात रुततात. त्यांतली एक मला पुढच्या आठवड्यात रिक्षात बसताना सापडली. ब्रश फिरला आणि खरोखर मजा आली. पोपडे उडाले, हिरवा थर गेला, त्याखालचा निळा गेला, त्याखालचा वडिलांच्या वेळचा पोपटी गेला, आणि वडिलांच्या पोपटीखाली गंज होता तो गेला. गंजाखाली काही नव्हतं. म्हणजे खरंच काही नव्हतं. खालची आडवी पट्टी मी घासत घासत पलीकडं गेलो. मला फुटपाथवरचं कुत्रं दिसलं. त्यालाही मी दिसलो असेन. इतकी वर्षं ते फाटक लोखंडावर नव्हे, गंजावर आणि रंगावर उभं होतं. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

चौकातला फॅब्रिकेशनवाला आला. बीडकडचा, तरणाबांड. पायात स्लिपर, डोळ्याला काही नाही, हातात ग्राइंडर. त्या ग्राइंडरला गार्ड नव्हता आणि बाजूची मूठ नव्हती. चकती कापायची होती, पातळ, मिलिमीटरभर जाडीची. एके काळी चार इंची असणार, आता झिजून बिस्किटाएवढी राहिलेली. त्या एका बिस्किटानं त्यानं जुनी पट्टी कापली, नवी पट्टी मापात कापली, जोड मारला आणि मग त्याच चकतीच्या बाजूनं वेल्डिंगची गाठ घासायला लागला.

मला राहवेना. "कापायच्या चकतीनं असं बाजूनं घासत नाहीत. फुटते."

"म्हाईत हाय की," तो एक डोळा मिटून म्हणाला. "तुमी जरा लांब थांबा."

तेवढ्यात ते बिस्कीट संपलं. त्यानं मशीन बंद केलं, नवी चकती खिशातून काढली, नट हातानं फिरवून पाहिला. हलेना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"सायेब, चावी हाय का?"

"तुमची?"

"आमची कवाच गेली. आमी छिन्नीनं मारतो. पर तुमच्याकडं आसंल तर बरं."

चौदा महिन्यांत मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी घरात गेलो, लाल दोऱ्यासकट चावी आणली आणि त्याच्या हातात ठेवली, भाईंनी माझ्या हातात ठेवली होती तशीच. त्यानं बटण दाबलं, दोन दात घातले, टक्. दोन सेकंदांत नट सुटला. त्यानं मान डोलावली. मला पदक मिळाल्यासारखं वाटलं. तासाभरात फाटक उभं राहिलं, खालून नवं, वरून वडिलांचं. पैसे घेऊन तो गेला.

रात्री देवघराबाहेरच्या खिळ्याकडं लक्ष गेलं. नुसता खिळा होता. फाटकापाशी टॉर्च मारून पाहिलं, कुंडीत पाहिलं, चमच्यांच्या स्टँडमध्येही पाहिलं. मग त्याला फोन केला.

"माझी चावी तुमच्याकडं आली का?"

"आली आसंल की," तो म्हणाला. मागं डबा धुंडाळल्याचा खडखडाट ऐकू आला. "तुमची कंची, सायेब? हितं सात हायेत."

"लाल दोऱ्याची."

"दोरा चारांना हाय. तुमी असं करा, सकाळी या आन् वळखून न्या."